चार बोटं ढगळ

"हे सुटतं किती वाजता?" नरहरपंतांनी विचारलं.

"सुटायला ही काय गाडी आहे?" विद्युल्लताबाई म्हणाल्या. "ऊन आहे तोवर बसायचं. बसा भावोजी. त्या कडेला नको, तिथे माकडं येतात."

नरहरपंत मधल्या चटईवर बसले. हिंदी मुलुखातल्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत गणपतीचं एक लहानसं मंदिर आहे आणि त्याच्या गच्चीवर हिवाळाभर दुपारी तीनच्या सुमाराला गल्लीतल्या मराठी बायका विणायला जमतात. आता त्या तीनच उरल्या आहेत, तरी त्याला मंडळ म्हणायची पद्धत चालू आहे. गणिताच्या निवृत्त शिक्षिका विद्युल्लताबाई अध्यक्ष, कारण त्यांच्यासमोर दुसरं कुणी अध्यक्ष व्हायला धजावत नाही. बकुळकाकूंकडे शिवणटिपण आणि खाणंपिणं. तिसरी ईशानी, विद्यापीठात शिकणारी, मराठीत वाक्य सुरू करून हिंदीत संपवणारी. या गच्चीवर आजवर आलेला एकमेव पुरुष म्हणजे पाण्याची टाकी धुणारा. त्यामुळे नरहरपंतांचं डोकं जिन्यातून वर येताना दिसलं तेव्हा बकुळकाकू सवयीने म्हणाल्या होत्या, "टंकी उधर है."

नरहरपंतांची एकतीस वर्षं रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीमागे गेली होती. कुठलीही गोष्ट निघते कधी आणि पोचते कधी हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मृणालिनी मात्र काही न कळवता गेली. गेल्या पौषात तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी ती नव्हती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात उरले नरहरपंत आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला ते वेळच्या वेळी चावी देत, स्वतःला मात्र जेवण द्यायचं विसरत. पँट कमरेवर राहीना, तेव्हा त्यांनी पट्ट्याला खिळ्याने एक भोक पाडलं. मग आणखी एक.

त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी उघडली. आत बदामी लोकरीचे दोन गुंडे होते, गाठी मारलेला एक काळा दोरा होता आणि अर्धवट स्वेटर होता. पाठ पुरी झालेली, पुढचा भाग अर्धा, सुया त्यात तशाच अडकलेल्या.

"हा माझा स्वेटर आहे," नरहरपंत म्हणाले. "ती माझ्यासाठी विणत होती. तिच्या वर्षश्राद्धाच्या आत मला तो पुरा करायचाय. विणणार मीच. तुम्ही फक्त शिकवा."

हे सांगताना त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, पण ती गच्चीवर सगळ्यांना ठाऊक होती. मृणालिनीने याआधी त्यांना चार स्वेटर विणले होते आणि चारही पोटावर तंग. तिने नवऱ्याचं माप लग्नाच्या वर्षी घेतलं होतं आणि पुढे बदललंच नाही. "व्हाल हो बारीक," एवढंच म्हणायची. नरहरपंत बारीक झाले नाहीत. त्यांनी एकेक करून चारही स्वेटर घाटावरच्या नावाड्यांना देऊन टाकले. नावाडी सडपातळ, त्यांना छान बसले. मृणालिनी घाटावर जायची, आपण घातलेली वेलबुट्टी वल्ह्याबरोबर पुढेमागे होताना बघायची आणि परत यायची. पाचवा विणायला घेतला तेव्हा तिने विचारलं होतं, "घालणार असाल तर सांगा." नरहरपंत वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "बघू."

त्या एका शब्दाने त्यांना वर्षभर झोप लागू दिली नव्हती.

विद्युल्लताबाईंनी स्वेटरची पाठ हातात घेतली, पसरली आणि समोर बसलेल्या नरहरपंतांकडे पाहिलं. मग पुन्हा पाठीकडे पाहिलं. पाठ चांगली ऐसपैस होती. बाह्या नव्हत्या, खांद्याखाली मोकळ्या जागा सोडल्या होत्या. असा रुंद, बिनबाह्यांचा स्वेटर या गल्लीत एकालाच लागतो, आणि तो खाली गाभाऱ्यात बसलेला असतो. दरवर्षी मार्गशीर्षातल्या विनायकीला या गणपतीला नवा स्वेटर चढतो आणि वसंत पंचमीला उतरतो. विणायची पाळी मंडळातल्या बायकांची, वर्षाला एकीची. गेल्या वर्षीची पाळी मृणालिनीची होती. तिने थंडीत ऐनवेळी खोकल्याचं निमित्त सांगून देवाला जुनाच चढवायला लावला होता.

ईशानीने तोंड उघडलं. "बाई, हा तर आपल्या गणपति जी का—"

"ईशानी, लोकरीचा गुंडा सोडव," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

ईशानीने गुंडा सोडवायला घेतला. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोलता ठरवलं की याला काही सांगायचं नाही. विणू दे बिचाऱ्याला, हिवाळा तरी निघेल.

नरहरपंतांना सरावासाठी वीस टाक्यांची एक पट्टी देण्यात आली. एक सुई सुलट, एक सुई उलट. इकडे हिंदीत टाक्याला फंदा म्हणतात, आणि पहिले चार दिवस तो पंतांच्या गळ्यालाच लागला होता. मग बोटं जराशी वळायला लागली, तसा त्यांचा आवाजही फुटला. जुनी सवय. "ओळ क्रमांक सात," ते पुटपुटत, "अंदाजे दहा मिनिटं उशिराने." एकदा त्यांच्या हातून टाका निसटला तेव्हा त्यांनी "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हटलं आणि बकुळकाकूंना हसताना ठसका लागला. वर्षभरात आपल्या बोलण्याला कुणी हसल्याचं नरहरपंतांना आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते अडीचलाच हजर झाले.

पंधरा दिवसांनी विद्युल्लताबाईंनी पट्टी तपासायला मागितली.

"भावोजी, वीस टाके घातले होते ना?"

"वीसच."

"इथे चौतीस आहेत."

नरहरपंतांनी चष्मा पुसून मोजले. चौतीसच होते. खाली निमुळती, वर पसरलेली अशी ती पट्टी चटईवर फुगून बसली होती. "वीस घेऊन निघालो होतो," ते म्हणाले. "बाकीचे कुठे चढले?"

"काका, ये सब विदाउट टिकट हैं," ईशानी म्हणाली.

पट्टी टाकून द्यायला विद्युल्लताबाईंनी नकार दिला. त्यांच्या वर्गात चुकलेली वही कधी फाडत नसत. पट्टी बकुळकाकूंच्या डब्यात गेली आणि नरहरपंतांना खऱ्या स्वेटरला हात लावायची परवानगी मिळाली.

त्या दिवशी त्यांनी एकही टाका घातला नाही. मृणालिनीची शेवटची ओळ पुरी झालेली नव्हती. अकरा टाके विणून ती मधेच थांबली होती.

"अकराव्या टाक्यावर का उठली असेल?" त्यांनी विचारलं.

"दूध उतू जात असेल," बकुळकाकू हळूच म्हणाल्या. "आम्ही नेहमी तसंच उठतो."

नरहरपंतांनी अकराव्या टाक्यावर बोट ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "मी चहा मागितला असणार."

ईशानीने आपल्या डोळ्यांत लोकरीचा धागा गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नरहरपंतांनी बारावा टाका घातला. मृणालिनीचं विणकाम नदीकाठच्या वाळूसारखं सारखं होतं आणि यांचं मुठीत आवळल्यासारखं. तिची ओळ कुठे संपली आणि यांची कुठे सुरू झाली हे डोळे मिटून नुसतं बोटानेही कळलं असतं. ते रोज घरी जाताना त्या जागेवरून एकदा बोट फिरवत आणि मग पिशवी बंद करत.

मार्गशीर्ष लागता लागता पुढचा भाग झाला. दोन्ही बाजू जोडून द्यायचं काम बकुळकाकूंनी घरी नेलं. विनायकीच्या सकाळी त्या देवळात आल्या, स्वेटर घडी करून सभामंडपातल्या कोनाड्यात ठेवला आणि दुपारी तीनला नरहरपंतांना द्यायचा असं ठरवून भाजी आणायला गेल्या. इथेच घात झाला. देवाचा नवा स्वेटर दरवर्षी त्याच कोनाड्यात ठेवतात.

यंदाची पाळी ईशानीची होती. परीक्षेच्या नादात तिचा देवाचा स्वेटर गळ्यापाशी यायच्या ऐवजी बेंबीपाशीच अडकला होता आणि हे गुरुजींना कसं सांगावं या चिंतेत ती चार दिवस देवळाच्या मागच्या गल्लीने जात होती. बिंदुमाधव गुरुजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सकाळची पूजा आटोपली, कोनाड्यात हात घातला, मऊ बदामी स्वेटर हाताला लागला, आणि त्यांनी तो घंटेच्या गजरात मोठ्या भक्तिभावाने देवाला चढवला.

नरहरपंत दहाच्या सुमाराला प्रसादाला म्हणून देवळात आले. वर बघतात तर त्यांचा स्वेटर घालून गणपती बसलेला.

ते जागच्या जागी उभे राहिले. सभामंडपात आठ-दहा माणसं होती आणि सगळी त्यांच्याच दिशेने वळली.

"पंत, धन्य आहे तुमची!" गुरुजी म्हणाले. "वहिनींचं राहिलेलं काम पुरं केलंत. मला कळलं हो गल्लीत, तुम्ही रोज गच्चीवर बसता म्हणून. आणि काय बसलाय बघा. फिटिंग म्हणजे एकदम अव्वल."

"वहिनी गेल्या, पण देवाचं माप नाही चुकलं," कुणीतरी म्हणालं. कुणी नरहरपंतांच्या हातावर पेढा ठेवला. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना वाकून नमस्कारही केला. अशा वेळी 'तो माझा आहे, उतरवा' असं म्हणायला फार निर्लज्ज माणूस लागतो. नरहरपंत एकतीस वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून घेण्यात पटाईत झाले होते, कौतुक ऐकून घ्यायचा सराव नव्हता. त्यांनी पेढा खाल्ला आणि जिना चढून गच्चीवर गेले. तीन वाजायला पाच तास होते. ते तिथेच बसून राहिले.

तीनला तिघी आल्या. बकुळकाकूंनी येतानाच रडायला सुरुवात केली होती. ईशानी त्यांच्यामागे लपली होती.

"गुरुजींना सांगून उतरवून घेऊ," नरहरपंत म्हणाले. "चूक कुणाची नाही. पण तो माझा आहे."

विद्युल्लताबाई त्यांच्यासमोर बसल्या. "भावोजी," त्या म्हणाल्या, "मला आधीच सांगायला हवं होतं. गेल्या वर्षी देवाची पाळी मृणालिनीची होती. आणि तो स्वेटर तुमच्या मापाचा नाही. तुमच्यासारखे दोघं मावतील त्यात. देवाला तो बेताचा बसलाय, तुम्ही पाहिलंत. ती देवाचाच विणत होती."

"ती म्हणाली होती, घालणार असाल तर सांगा."

"तुम्ही सांगितलंत का?"

नरहरपंतांनी मान खाली घातली. "मी बघू म्हटलं."

मग त्यांना सगळं नीट कळलं, म्हणजे तसं वाटलं. आपण 'बघू' म्हटलं आणि तिने तो स्वेटर देवाला देऊन टाकला, जसे आपण चार नावाड्यांना दिले तसा. तिचं काही चुकलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं, आणि रागही आला नाही, याचं जास्त वाईट वाटलं. ते उठले, सुया विद्युल्लताबाईंच्या हातात दिल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही.

गच्चीवर यायचे थांबले, पण देवळात यायला लागले. जन्मात संकष्टीला न फिरकलेला हा माणूस आता रोज सकाळी सात ते नऊ गणपतीसमोर बसे. गल्लीत बातमी पसरली की पंतांना वैराग्य आलंय. खरं म्हणजे ते स्वेटरवर नजर ठेवत होते. तेलाचा दिवा जवळ आला की ते पुढे सरकत. "गुरुजी, समई जरा लांब." "गुरुजी, ते शेंदराचं बोट तिकडे पुसा ना." एका बाईंनी मोदक थेट देवाच्या पोटावर टेकवला तेव्हा तर ते अर्धे उठलेच. शेवटी व्हायचं ते झालं. एका मंगळवारच्या गर्दीत पोटाच्या बरोबर मधोमध शेंदराचा रुपयाएवढा डाग पडला. नरहरपंत त्या दिवशी पुटपुटले, "तुला काय, तुला पुढच्या वर्षी आणखी एक मिळेल." गुरुजींना वाटलं स्तोत्र चाललंय.

एवढी निष्ठा बघून गुरुजींनी त्यांना बढती दिली. पौष लागल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "पंत, सोवळ्यात आहात ना? जरा आत या आणि समई धरा. देवाच्या मागच्या कोनाड्यातून उदबत्त्या काढायच्यात."

नरहरपंत गाभाऱ्यात गेले. समई धरून वाकले, आणि गणपतीची पाठ त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दिसली. पाठीवर स्वेटरची मोठी चुणी घातलेली होती आणि त्या चुणीला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावलेले होते. दोन निळे, एक हिरवा.

"हे काय?" नरहरपंतांनी विचारलं.

गुरुजी ओशाळले. "थोडा ढगळ होता हो. चार बोटं असेल. समोरून कळत नाही, आणि मागे येतंय कोण? म्हटलं वहिनींचं शेवटचं काम, उगाच गल्लीत बोभाटा नको."

नरहरपंतांनी समई गुरुजींच्या हातात दिली आणि तसेच, सोवळ्यातच, घरी जाऊन कपडे बदलून पिशवी घेऊन आले. मग गच्चीवर जाऊन बसले. तिघी आल्या तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते आणि त्यांच्या डोळ्यांत महिनाभरात न दिसलेलं काहीतरी होतं.

"बाई, देवाला तो चार बोटं मोठा आहे," ते म्हणाले. "मागून चिमटे आहेत."

"शक्य नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "मृणालिनीने नऊ वेळा देवाचा स्वेटर केला. एका टाक्याची चूक नाही."

देवाचं माप टेपने घेत नाहीत. गाभाऱ्याच्या दारामागे खिळ्याला एक लाल दोरा टांगलेला असतो, देवाच्या पोटाच्या घेराचा, दोन्ही टोकांना गाठी मारलेला. ईशानी धावत जाऊन तो घेऊन आली. नरहरपंतांनी पिशवीतला काळा दोरा काढला. तो इतके दिवस सगळ्यांना लोकर बांधायचा दोरा वाटला होता. विद्युल्लताबाईंनी दोन्ही दोरे शेजारी धरले. काळा लांब होता. बरोबर चार बोटं.

"म्हणजे हा देवाचा नाही," नरहरपंत म्हणाले. "हे माझं माप आहे. मोजा."

बाईंनी काळा दोरा त्यांच्या पोटाभोवती धरला. दोन गाठी एकमेकींवर आल्या, एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या आणि चार बोटांवर थांबल्या. मग लाल दोरा धरला. तो गाठीला गाठ बसला.

नरहरपंत आणि गणपती यांचा घेर एकच निघाला होता, आणि स्वेटर दोघांचाही नव्हता.

"मग ये है किसका?" ईशानीने विचारलं. ते विचारायला नको होतं हे तिलाही विचारल्यावर कळलं.

नरहरपंत खाली बसले. काळा दोरा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो बोटाला गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. "हा भैरवनाथाचा दोरा आहे," ते एकदम म्हणाले. "गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. दुपारी झोपलो होतो. डोळे उघडले तर ही माझ्या पोटाभोवती काळा दोरा गुंडाळतेय. मी ओरडलो, काय चाललंय? म्हणाली, हलू नका, काळभैरवाहून आणलाय, नजर उतरवतेय. मी म्हटलं, मला कुणाची नजर लागणार आहे? म्हणाली, पोटाला लागते. आणि काढून घेतला. गळ्यात नाही घातला, मनगटाला नाही बांधला, काढून घेतला."

विद्युल्लताबाईंनी कपाळावर हात मारला. "पट्टा काढा भावोजी."

"काय?"

"कमरेचा पट्टा. काढा म्हणते ना."

सोवळं सोडून घरून निघताना नरहरपंतांनी पँटवर पट्टा चढवला होता. तो त्यांनी संकोचाने काढून दिला. बाईंनी तो चटईवर सरळ ठेवला. टोकाकडून आत दोन ओबडधोबड भोकं खिळ्याने पाडलेली होती. त्यांच्या अलीकडे कारखान्यातलं एक जुनं भोक होतं, वर्षानुवर्षं वापरून लांबट झालेलं, भोवती चामडं काळं पडलेलं. बाईंनी काळ्या दोऱ्याची एक गाठ बक्कलावर ठेवली आणि दोरा ताणला. दुसरी गाठ त्या जुन्या भोकात जाऊन बसली.

"मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आधी मोजा मग बोला," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "माफ करा भावोजी. तिने शेवटी तुमचं खरं माप घेतलं होतं. तुम्हीच घटलात."

नरहरपंत रडले. तिघींसमोर, भर दुपारी, चष्मा न काढता रडले. लग्नानंतर सदतीस वर्षांनी तिने त्यांच्या बारीक होण्याची आशा सोडली होती, आहे त्या पोटाला बसेल असा स्वेटर विणायला घेतला होता, आणि ते बारीक झाले होते.

बिंदुमाधव गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा नाक शिंकरलं आणि म्हणाले, "पण पंत, वसंत पंचमीच्या आत देवाला उघडा कसा ठेवू? दुसरा आणा, मी या घटकेला बदलतो."

वर्षश्राद्ध पौष वद्य द्वितीयेला होतं. हातात अकरा दिवस होते. ईशानीने आपला बेंबीपर्यंत आलेला स्वेटर मुकाट्याने पुढे केला. विद्युल्लताबाईंनी पाठ घेतली, बकुळकाकूंनी खांदे घेतले, नरहरपंतांना गळपट्टी मिळाली. तीनची वेळ गेली. आता सकाळी नऊपासून गच्ची भरे आणि कुणीही किती वाजले ते विचारत नसे. दहाव्या दिवशी सगळे तुकडे जोडायला घेतले आणि लक्षात आलं की चार हातांच्या चार तऱ्हा झाल्यात. देवाचं पोट समोरून उघडं पडतंय. मधे एक तुकडा हवा, वर अरुंद आणि खाली फुगणारा. असा तुकडा मुद्दाम विणायचा तर दोन दिवस जाणार.

बकुळकाकू उठल्या आणि आपला डबा घेऊन आल्या. त्यातून नरहरपंतांची ती विसाची चौतीस झालेली पट्टी निघाली. त्यांनी ती उलटी धरून लावली. गणपतीच्या पोटावर ती अशी बसली की गुरुजींनी गल्लीत सगळ्यांना बोलावून दाखवली.

"बिनतिकिटाचे सगळे कामाला आले," नरहरपंत म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी धुकं एवढं होतं की घाट पायऱ्यांवर उभं राहूनही दिसत नव्हता. पिंडदान झालं, तर्पण झालं. गुरुजींनीच सगळं सांगितलं. ओल्या धोतराने नरहरपंत घरी आले, कोरडे कपडे घातले आणि वरून तो बदामी स्वेटर चढवला. पोटावर शेंदराचा डाग होता, तो निघाला नव्हता. छातीपाशी तिची ओळ संपून त्यांची सुरू होत होती. तिथे त्यांनी बोट फिरवलं. पण स्वेटर अंगावर लोंबत होता, आणि तसं लोकांसमोर जायला त्यांना लाज वाटली. तेव्हा गुरुजींनी पिशवीतून तीन चिमटे काढले, दोन निळे आणि एक हिरवा, आणि त्यांच्या पाठीला लावले.

"समोरून एकदम अव्वल," गुरुजी म्हणाले.

जेवायला पाच पानं होती. स्वयंपाक बकुळकाकूंनी केला होता. वर्षभर या घरात असा वास आला नव्हता. मृणालिनीच्या फोटोसमोर पान वाढलं आणि तिच्याकडे तोंड करून नरहरपंत बसले, पाठ भिंतीला, म्हणजे तिला चिमटे दिसू नयेत.

विद्युल्लताबाईंनी ते पाहिलं. "भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "द्या तो माझ्याकडे. बाजूंनी उसवून चार बोटं आत घेते. दोन दिवसांचं काम. नीट बसेल."

"नको," नरहरपंत म्हणाले. "माप बरोबर आहे."

बकुळकाकू खिरीचं भांडं घेऊन आल्या. एक डाव वाढून त्या पुढे सरकल्या, कारण गेलं वर्षभर नरहरपंत कुणाकडेही गेले तरी एका डावावर हात आडवा धरत. आज हात आडवा आला नाही. त्यांनी वाटी उचलून पुढे केली.

"आणखी वाढा," ते फोटोकडे बघत म्हणाले. "चिमटे काढायचेत."